भाताला भात म्हणू द्या

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार.

मी ठाण्याची. मुलगी दहा वर्षांची आहे. लहानपणी मी आणि माझा भाऊ शाळेतून आलो की दप्तर टाकून कार्टून नेटवर्कसमोर बसायचो, त्यामुळे पोकेमॉन म्हणजे आमच्या घरचाच. या सुट्टीत माझ्या चौदा वर्षांच्या पुतण्याने लेकीला पोकेमॉनचे जुने इंग्रजी भाग लावून दिले. एका भागात ब्रॉक हातातला पांढरा त्रिकोणी पदार्थ दाखवून सांगतो की हे जेली भरलेले डोनट आहेत. लेक पटकन म्हणाली, "आई, हा भात आहे! शितं दिसताहेत बघ." मग पुतण्याने यादीच वाचली : कोणाच्या तोंडातली सिगारेट पुसून लॉलीपॉप दिला, कोण मेलं होतं आणि कोण मेलं नाही असं सांगितलं. लेकीने हट्ट धरला की 'वन पीस' ही कार्टून मालिका मूळ जपानीतच बघायची. सबटायटल वाचत आम्ही बघितलं. त्यातल्या बेलमेर या आईच्या मरणाच्या प्रसंगाला ती हमसून हमसून रडली आणि रात्री माझ्या कुशीत येऊन झोपली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला हे दाखवायचं कशाला?" नवरा म्हणतो, कापलेलं इंग्रजीच बरं होतं. लेक म्हणते, "पण ते लोक खोटं बोलले ना?" आता पुढे काय दाखवू? असा प्रसंग आला की रिमोटने पुढे ढकलू का?

— एक आई, ठाणे

उत्तर:

नमस्कार.

आधी लेकीला माझी शाबासकी सांगा. तिने शितं ओळखली, कारण ती रोज भात जेवते. त्या पदार्थाला जपानी लोक ओनिगिरी म्हणतात. मीठ लावलेल्या हातांनी वळलेला भाताचा गोळा, पोटात एखादी खारट किंवा आंबट गोष्ट, आणि बोटांना चिकटू नये म्हणून बाहेरून नोरी या समुद्री शेवाळाची काळी पट्टी. आपण प्रवासाला निघताना दशम्या बांधून घेतो, तशी ती त्यांची शिदोरी. पोकेमॉन जपानमध्ये एप्रिल १९९७ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत आला. फोरकिड्स नावाच्या कंपनीने तो इंग्रजीत आणताना नायक सातोशीचा ॲश केला, कासुमीची मिस्टी केली, ताकेशीचा ब्रॉक केला, आणि शिदोरीतल्या भाताचा डोनट केला. पुढे नुसता शब्द बदलून समाधान होईना, तेव्हा काही भागांत संगणकावर ओनिगिरी पुसून त्या जागी चक्क सँडविच रंगवलं गेलं. भारतात २००३ पासून हिंदीत जो पोकेमॉन लागला, तो या अमेरिकन आवृत्तीवरून बेतलेला होता. म्हणून आपल्याकडच्या मुलांनाही सातोशी कधी भेटला नाही, ॲशच भेटला. तुम्हाला इतकी वर्षं तो डोनट वाटला यात तुमचा दोष नाही. डोळ्यांना एक दिसतं आणि कानांवर दुसरं पडतं, तेव्हा लहान मूल मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतं. म्हणूनच तो शब्द जपून वापरायचा असतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रिमोटने पुढे ढकलू नका. एखादा प्रसंग तिच्या वयाला झेपणार नाही असं वाटलं, तर तिच्यासमोर थांबवा आणि सांगा, "हे आपण तू मोठी झालीस की बघू." मुलांपासून एखादी गोष्ट राखून ठेवण्याचा आईबापांना अधिकार आहे. त्या गोष्टीच्या जागी दुसरीच काहीतरी सांगण्याचा नाही. तुमच्या घरात जो वाद चाललाय तो मला असा दिसतो : सासूबाई राखून ठेवण्याबद्दल बोलताहेत आणि लेक खोटं सांगण्याबद्दल. दोघींचंही म्हणणं खरं आहे, फक्त दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. हे एकदा वेगळं केलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

मला हे इतकं ठामपणे वाटतं त्याला कारण आहे. मी सहा वर्षांची असताना माझे आजोबा वारले. मला सांगितलं, आजोबा गावाला गेलेत. ते खरोखरच अधूनमधून गावाला जायचे आणि शनिवारच्या संध्याकाळच्या एसटीने परत यायचे. मी कित्येक शनिवार ओट्यावर बसून राहिले. खरं कळलं ते शेजारच्या मुलीकडून, भांडणात. घरच्यांचा हेतू मायेचाच होता, हे मला आज कळतं. पण त्या दिवसानंतर घरातलं कोणी आजारी पडलं आणि मोठी माणसं "काही नाही, बरं वाटेल" म्हणाली, की माझ्या पोटात गोळा यायचा.

आता या मालिकांना लागलेली कात्री आली कुठून, ते लेकीला समजावून सांगता यावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कापणारी माणसं दुष्ट होती असं तिला वाटायला नको. जपानमध्ये 'ड्रॅगन बॉल झेड' किंवा 'सेलर मून' लागायचं ते संध्याकाळी सात वाजता, घरातली लहानमोठी माणसं जेवायला एकत्र बसतात त्या वेळेला. अमेरिकेत याच मालिका सकाळी शाळेआधी, दुपारी शाळेनंतर किंवा शनिवारी सकाळी लागल्या, जेव्हा मूल टीव्हीसमोर एकटं असतं. तिथे कार्टून म्हणजे लहानग्यांसाठीच, हे गृहीत धरलेलं. त्यात १९६८ मध्ये बोस्टनजवळ पेगी चॅरेन यांनी इतर आयांना जमवून 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना सुरू केली आणि वाहिन्यांना पहिल्यांदा पालकांचा धाक बसला. मुलांच्या टीव्हीबद्दलचा १९९०चा अमेरिकन कायदा त्याच रेट्यातून आला. एक गोष्ट आवर्जून सांगते : चॅरेनबाई स्वतः सेन्सॉरच्या विरोधात होत्या. त्यांना मुलांवरचा जाहिरातींचा मारा कमी हवा होता आणि चांगले कार्यक्रम जास्त हवे होते. पण वाहिन्यांना कात्री स्वस्त पडते. प्रत्येक वाहिनीत काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवणारा एक विभाग असतो. एक तक्रारपत्र, एक नाराज जाहिरातदार आणि खेळण्यांची घटलेली विक्री, या तीन भीतींवर त्याचं काम चालतं. फोरकिड्स तर पोकेमॉनच्या वस्तूंच्या परवान्यांवरही कमवत होती. गोष्ट परदेशी वाटली तर खेळणं परकं वाटेल, हा त्यामागचा हिशेब.

या कात्रीचा इतिहास पोकेमॉनपेक्षा बराच जुना आहे. १९७२ मध्ये तात्सुनोको स्टुडिओने 'गाचामान' काढलं. पक्ष्यांच्या पोशाखातले पाच तरुण, आणि त्यांची पृथ्वीवरची, बरीच रक्तबंबाळ लढाई. 'स्टार वॉर्स'ने जग वेडं केलं त्यानंतर, १९७८ मध्ये, ते अमेरिकेत 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' या नावाने आलं. १०५ भागांतले ८५ घेतले. मारामारी कापल्यावर भागात खड्डे पडले. ते बुजवायला सेव्हन-झार्क-सेव्हन नावाचा एक बडबड्या यंत्रमानव अमेरिकेत नव्याने चितारला आणि मधेमधे चिकटवला. तो समुद्राखालच्या तळावर बसून मुलांना धीर द्यायचा : शहर आधीच रिकामं केलं होतं, वैमानिक वेळेत बाहेर पडला. पृथ्वीवरच्या लढाया दूरच्या ग्रहांवर नेल्या. मूळ खलनायक बर्ग कात्से कधी पुरुष तर कधी स्त्री होतो, कथेचा तो मोठा धक्का आहे. इंग्रजीत त्याला एक बहीण देऊन प्रश्न मिटवला. पाठोपाठ १९७९ मध्ये 'यामातो' ही अंतराळ युद्धनौकेची मालिका 'स्टार ब्लेझर्स' म्हणून आली, आणि तिच्यातले साके ही जपानी दारू पिणारे डॉक्टर झऱ्याचं पाणी पिऊ लागले. गाल लाल, पाय लटपटताहेत, आणि बाटलीत म्हणे पाणी. मुलांना हे कळत नसेल? ज्या घरात कोणी पितं, त्या घरातल्या मुलाला तर सगळ्यात आधी कळतं.

'ड्रॅगन बॉल झेड'चं तुम्हाला पुतण्याने सांगितलंच असेल. १९९६ मध्ये पहिल्यांदा इंग्रजीत आलं तेव्हा सुरुवातीचे ६७ भाग कापून ५३ केले. कोणी मरत नव्हतं, दुसऱ्या मितीत जात होतं. नरकातल्या राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत 'हेल' लिहिलेलं होतं. त्यातल्या दोन अक्षरांच्या खालच्या आडव्या रेघा पुसून त्याचं 'एचएफआयएल' केलं आणि त्याचा अर्थ 'कायमच्या हरलेल्यांचं घर' असा लावला. यावर मुलं पुढे खूप हसली. मला मात्र यात हसण्यापेक्षा वाईट वाटण्यासारखं जास्त दिसतं. मेलेला माणूस परत यावा म्हणून सात मणी गोळा करत जगभर फिरायचं, हा त्या कथेचा कणा. मरणच नाही म्हटलं, तर ती धावपळ कशासाठी चाललीय?

मुलगी आहे म्हणून 'सेलर मून'बद्दल जरा जास्त लिहिते, कारण ती आज ना उद्या तिथे पोचेल. १९९२ मध्ये जपानमध्ये सुरू झालेली ही मालिका १९९५ मध्ये डिक या कंपनीने अमेरिकेत आणली. पहिल्या पर्वाच्या ४६ भागांचे ४० झाले. शेवटच्या दोन भागांत नायिकेच्या चारही मैत्रिणी तिला पुढे जाता यावं म्हणून एकेक करून जीव देतात. ते दोन भाग चेपून एक केला आणि मैत्रिणी मेल्या नाहीत, शत्रूने पकडून ठेवल्यात, असं सांगितलं. झोइसाइट आणि कुन्झाइट हे दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात, म्हणून झोइसाइटला बाईचा आवाज देऊन बाई केलं. तिसऱ्या पर्वाचं इंग्रजी २००० मध्ये दुसऱ्या कंपनीने केलं. त्यात हारुका आणि मिचिरू या दोघी येतात. त्यांचं एकमेकींवर प्रेम आहे, आणि मालिका ते सहज, जसं असतं तसं दाखवते. इंग्रजीत त्या 'कझिन' झाल्या. आपल्या भाषेत ही पळवाट निघालीच नसती. आपल्याला मामेबहीण, आतेबहीण, चुलतबहीण की मावसबहीण ते सांगावं लागलं असतं, आणि 'बहीण' हा शब्द तोंडातून निघाल्यावर पडद्यावरच्या त्या नजरा बघून बोलणाराच थबकला असता. चित्रं तर तीच राहिली होती ना. हातात हात, एकमेकींकडे बघणं, सगळं तसंच. मुलांपासून दोन मुलींचं प्रेम लपवायला गेले आणि त्यांच्यासमोर बहिणी-बहिणींचं काहीतरी भलतंच ठेवून बसले. २०१४ पासून या मालिकेचं नवं, न कापलेलं इंग्रजी भाषांतर येऊ लागलं आणि त्यात दोघी पुन्हा आपापल्या जागी आल्या. लेकीने त्यांच्याबद्दल विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्या : "त्यांचं एकमेकींवर प्रेम आहे." दहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. पुढे काही विचारलं तर पुढचं सांगा.

आता बेलमेर. याच प्रसंगावरून तुमच्या घरात वाद झाला, म्हणून इथे थोडं थांबते.

बेलमेर ही नौदल सोडून आलेली बाई. लढाईत सापडलेल्या नामी आणि नोजिको या दोन अनाथ मुलींना घेऊन ती संत्र्यांच्या छोट्याशा बागेवर जगते. घरात पैसा नाही. आरलाँग आणि त्याचे मत्स्यमानव गावावर चालून येतात आणि जगण्याची किंमत लावतात : मोठ्या माणसाचे एक लाख बेरी, मुलाचे पन्नास हजार. बेलमेरकडे निघतात एक लाख. मुली घरात नाहीत, आणि त्या तिच्या आहेत हे आरलाँगला ठाऊक नाही. मला मुलं नाहीत, एवढं ती म्हणाली असती तर वाचली असती. ती म्हणत नाही. ती पैसे दोन्ही मुलींच्या नावाने देते, कारण आपण यांच्या आई नाही हे शब्द तिला स्वतःच्या जिवासाठीसुद्धा उच्चारता येत नाहीत. आणि आरलाँग तिला मुलींसमोर गोळी घालतो.

फोरकिड्सने २००४ मध्ये 'वन पीस' इंग्रजीत आणलं तेव्हा बंदुका पुसल्या, सांजी या स्वयंपाक्याच्या ओठांतली सिगारेट काढून लॉलीपॉप दिला, १४३ भागांचे १०४ केले आणि बेलमेरला मारण्याऐवजी कोठडीत टाकलं. तुमच्या यजमानांना विचारा, आई कोठडीत जिवंत असेल तर नामी पुढची कित्येक वर्षं त्याच आरलाँगची चाकरी करत, गाव विकत घेण्यासाठी पैसा पैसा जमवत का राहते? आईला सोडवायला का धावत नाही? लेकीच्या डोळ्यांतलं पाणी या कापलेल्या आवृत्तीने वाचवलं असतं, हे खरं. पण मग नामी तिला एक पैशाची हावरट पोर वाटली असती. ताई, तुमची लेक हिंसा बघून रडली नाही. एका आईने "या माझ्या मुली आहेत" एवढं म्हणण्यासाठी काय दिलं, ते तिला समजलं म्हणून रडली. आणि मग ती कुठे गेली? स्वतःच्या आईच्या कुशीत. मला यात काहीही बिघडलेलं दिसत नाही.

भीती आणि दुःख यांतला फरक मात्र ओळखायला शिका. दुःख झालेलं मूल जवळ येतं, बोलतं, दोन दिवसांनी तोच प्रसंग पुन्हा सांगतं. घाबरलेलं मूल गप्प होतं, दिवा मालवू देत नाही, जेवणात लक्ष नसतं, एकटं बाथरूमला जात नाही. एखाद्या मालिकेनंतर हे असं दिसलं तर ती खुशाल बंद करा, लेक कितीही म्हणो की मला भीती वाटत नाही. तिथे सासूबाईंचं ऐका. त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त मुलं वाढताना पाहिली आहेत.

आणि मूळ जपानी आहे म्हणून ते सगळं चांगलं, असंही मानू नका. पुतण्याच्या वयाला तसं वाटतं, पण ते खरं नाही. काही गोष्टी काढायलाच हव्या होत्या. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश इतक्या वेगाने लुकलुकला की जपानमध्ये ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. काहींना आकडीच आली होती. तो भाग पुन्हा कुठेही दाखवला गेला नाही, आणि ते योग्यच झालं. जिंक्स या पोकेमॉनचा काळा चेहरा आणि मोठे ओठ बघून कॅरोल बॉस्टन वेदरफर्ड या अमेरिकन लेखिकेने विचारलं की ही कृष्णवर्णीयांची जुनी टवाळी नाही का? पुढे जिंक्सचा चेहरा जांभळा झाला, आणि तो मूळ निर्मात्यांनीच बदलला. हा बदल त्या टीकेनंतर झाला. 'ड्रॅगन बॉल'मधला म्हातारा गुरू मुलींच्या अंगचटीला जातो आणि त्यावर हशा अपेक्षित असतो. मुलीच्या आईने तिथे हसू नये. थांबवून सांगावं की हे कोणी तुझ्याशी केलं तर ते गमतीचं नसतं, तू लगेच मला सांगायचं. कात्रीने तो प्रसंग उडवला असता तर हे बोलण्याची संधीही गेली असती. जपानमध्येही कात्री चालतेच. 'वन पीस'च्या मूळ चित्रकथेत उपाशी बेटावर अडकलेला झेफ स्वतःचा पाय खातो. जपानी टीव्हीने ते बदलून अडकलेला पाय तोडला असं केलं. पण त्याने सोबतच्या लहान मुलासाठी पाय गमावला हे राहिलं. कापताना अर्थ कसा सांभाळायचा, त्याचा हा चांगला नमुना आहे.

प्रामाणिक मार्ग अमेरिकेतही सापडला होता. मार्च २००० मध्ये 'गंडम विंग' तिथल्या कार्टून नेटवर्कवर आलं, तेव्हा दुपारी कापलेलं आणि त्याच मालिकेचं न कापलेलं रूप मध्यरात्री, असं दोन्ही दाखवलं. दुपारी स्वतःला मृत्युदेव म्हणवणारा मुलगा 'महान संहारक' झाला होता, पण ज्याला पूर्ण बघायचं होतं त्याला ते कुठे आहे हे माहीत होतं. त्याच्याही आधी, १९८५ च्या 'रोबोटेक'मध्ये तीन वेगळ्या जपानी मालिका जोडून ८५ भागांची एक केली होती. मोडतोड त्यातही खूप झाली, पण रॉय फोकर हा सगळ्यांचा लाडका वैमानिक मरतो, ते मरण तसंच ठेवलं. मुलं रडली असतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टीव्हीसमोर बसली असतील.

मग तुमच्या घरात काय करायचं? नवी मालिका आली की पहिले दोन-तीन भाग तुम्ही आधी, एकट्याने बघा. वेळ नसेल तर पुतण्याला हे काम द्या. चौदा वर्षांच्या मुलाला विश्वासाने काम दिलं की तो ते चोख करतो, आणि धाकटीसमोर फुशारकी मारायला पुढचं सगळं सांगून टाकणंही थांबतं. जड प्रसंग येणार असेल तर आधी सांगा, "आज एक माणूस जाणार आहे, बघायचं का?" आणि तिला ठरवू द्या. ती नाही म्हणाली तर आग्रह नको. जड भाग रात्री झोपण्याआधी लावू नका, रविवारी दुपारी लावा, म्हणजे नंतर खेळायला, बोलायला अख्खा दिवस उरतो. आणि तिने विचारलेल्या "ते खोटं बोलले ना?" या प्रश्नाचं सरळ उत्तर द्या : हो, बोलले. काहींनी मायेने, काहींनी धंद्यासाठी. आम्ही तुझ्याशी तसं बोलणार नाही.

पुढे काय दाखवू, याचं माझं उत्तर 'कार्डकॅप्टर साकुरा'. नायिका चौथीतली, तुमच्या लेकीच्याच वयाची, धीट आणि मायाळू. तिची आई वारलेली आहे, आणि बाप-लेक रोज सकाळी आईच्या फोटोशी बोलून दिवस सुरू करतात. ही मालिकाही कात्रीतून सुटली नाही. २००० मध्ये अमेरिकेत ती 'कार्डकॅप्टर्स' म्हणून आली तेव्हा मुलग्यांनी बघावी म्हणून थेट आठव्या भागापासून सुरू केली, कारण शाओरान हा मुलगा तिथे येतो. ७० भागांतले ३९च दाखवले. साकुराच्या गोष्टीतून साकुरालाच बाजूला सारलं. तेव्हा नाव नीट बघून घ्या आणि पहिल्या भागापासून लावा.

सासूबाईंना यातून वगळू नका. त्यांच्या मनातली काळजी खरी आहे आणि लेकीला आजीची सोबत हवी आहे. दोघींना मिळून 'डोरेमॉन' बघू द्या, हिंदीत. आपल्याकडच्या मुलांना नोबिता, शिझुका आणि डोरायाकी हा गोड खाऊ, ही नावं जशीच्या तशी मिळाली आणि कोणाचंही काही अडलं नाही. आजीसुद्धा डोरायाकी म्हणजे काय ते दोन भागांत शिकतील. २०१४ मध्ये हाच डोरेमॉन अमेरिकेत गेला तेव्हा नोबिताचा नोबी झाला, येनचे डॉलर झाले, चॉपस्टिकच्या जागी काटे रंगवले आणि डोरायाकीला 'यमी बन्स' म्हणावं लागलं. ठाण्यातल्या आजीला जे झेपतं ते तिथल्या मुलांना झेपणार नाही असं कोणीतरी परस्पर ठरवलं होतं. हे सासूबाईंना जरूर सांगा. आणि त्यांना विचारा, कावळ्या-चिमणीच्या गोष्टीत कावळ्याचं शेवटी काय व्हायचं. तापलेल्या तव्याचा शेवट त्यांनी तुमच्या यजमानांना लहानपणी मांडीवर घेऊनच सांगितला असेल.

आणखी एक. पोकेमॉनचा तो भाग एकदा सगळ्यांनी मिळून बघा आणि त्या दिवशी ओनिगिरी करा. आपला इंद्रायणी तांदूळ त्यासाठी छान, शिजल्यावर चिकट राहतो. भात नेहमीपेक्षा किंचित मऊ करा, तूप घालू नका. हात पाण्यात बुडवून त्यांवर चिमूटभर मीठ चोळा, मूठभर भात घेऊन मध्ये लिंबाच्या लोणच्याची छोटी फोड ठेवा आणि दोन्ही तळव्यांत दाबत, फिरवत तीन कोपरे काढा. नोरी मिळाली नाही तरी चालतं. भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच वळायचा. गार झाला की त्रिकोण तुटतो, मग सासूबाईंना सांगा, त्याचा फोडणीचा भात होईल.